लॅपटॉपला बाहेरून ग्राफिक्स कार्ड जोडताय? आधी हा हिशोब करा



मागच्या बॅचचा शेवटचा दिवस होता. सगळे निघाले, पण एक मुलगा थांबला. लग्नाचे व्हिडिओ एडिट करतो, गावात स्वतःचा छोटा स्टुडिओ टाकायचाय. म्हणाला, "सर, लॅपटॉप फार अडकतो. ते बाहेरून ग्राफिक्स कार्ड लावतात ना, ते घेतोय ईएमआयवर. साठ हजारांत बसतंय. घेऊ ना?"

मी म्हटलं, "घे की. फक्त एक सांग, दिवसातले किती तास तू लॅपटॉपची वाट बघत बसतोस?"

तो गप्प बसला. कारण त्याने कधी मोजलंच नव्हतं.

आजचा लेख त्या प्रश्नासाठी आहे. व्हिडिओत मी जोडणी कशी होते ते दाखवलंय, पण घ्यावं की नाही हे तिथे नीट सांगता आलं नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो: नवीन धंदा सुरू करणाऱ्या बहुतेकांनी बाहेरचं ग्राफिक्स कार्ड घेऊ नये. ज्यांनी घ्यावं असे थोडे लोक आहेत, त्यांच्याबद्दलही खाली लिहिलंय.

## माझीच चूक आधी सांगतो

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. चॅनल सुरू केल्यावर दुसऱ्या वर्षी मी हाच उद्योग केला होता. डबा घेतला, कार्ड घेतलं, मोठा मॉनिटर घेतला. व्हिडिओ एक्स्पोर्ट व्हायला आधी तास-दीड तास लागायचा, तो वेळ खरंच निम्म्याच्या खाली आला. मी खूश!

पण महिन्याच्या शेवटी बघतो तर काय, व्हिडिओ तेवढेच. आधी आठवड्याला दोन, आताही दोन. कारण एक्स्पोर्ट मी रात्री लावून झोपायचो. तो वेळ माझा जातच नव्हता! माझा वेळ जायचा स्क्रिप्टमध्ये, रिटेकमध्ये आणि फोनवर. कार्डाने माझ्या झोपेतले तास वाचवले.

आणि पैसे? ते खेळत्या भांडवलातून गेले. पुढच्या बॅचच्या हॉलचा ॲडव्हान्स भरायची वेळ आली तेव्हा मेहुण्याकडे हात पसरावा लागला. तुमच्यावर ती वेळ येऊ नये म्हणून हा सगळा खटाटोप.

## हे नेमकं असतं काय?

डेस्कटॉपच्या आत बसतं ते मोठं ग्राफिक्स कार्ड एका वेगळ्या डब्यात बसवायचं, त्याला स्वतःचा वीजपुरवठा द्यायचा आणि एका केबलने लॅपटॉपला जोडायचं. यालाच ईजीपीयू म्हणतात. घरी आलात की केबल लावा, बाहेर निघालात की काढा. कल्पना झकास आहे.

अडचण त्या केबलमध्ये आहे. डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर कार्डाला सहसा १६ लेनचा रस्ता मिळतो. थंडरबोल्ट ३ किंवा ४ मधून जास्तीत जास्त ४ लेनचा. केबलचा एकूण वेग ४० गिगाबिट प्रति सेकंद लिहिलेला असतो, पण त्यातून कार्डाच्या वाट्याला कागदावरसुद्धा ३२ च येतात. म्हणजे तेच कार्ड, तेवढेच पैसे, पण रस्ता अरुंद.

प्रत्येक कामाला हा अरुंद रस्ता सारखाच नडतो असं मात्र नाही. ब्लेंडरमध्ये थ्रीडी सीन रेंडर करताना सगळा माल एकदा कार्डाच्या मेमरीत जातो आणि मग काम तिथेच चालतं. तिथे नुकसान कमी. ज्या कामात लॅपटॉप आणि कार्ड यांच्यात सतत ये-जा असते, तिथे नुकसान जास्त.

## पहिली चाळणी : तुमच्या लॅपटॉपला चालतं तरी का?

बरेच जण इथेच फसतात. यूएसबी-सी पोर्ट दिसला की झालं, असं वाटतं. तसं नाही! पोर्टचा आकार तोच असतो, आतली सोय वेगळी असते.

- पोर्टजवळ विजेच्या बाणाचं चिन्ह आहे का बघा. एवढ्यावर विसंबू नका, कंपनीच्या साइटवर तुमच्या मॉडेलची माहिती काढून 'थंडरबोल्ट' हा शब्द शोधा.
- यूएसबी४ लिहिलं असेल तरी खात्री करा. कार्ड चालण्यासाठी लागणारी सोय यूएसबी४ मध्ये देणं लॅपटॉप कंपनीवर बंधनकारक नाही.
- थंडरबोल्ट ३ च्या काळातल्या काही लॅपटॉपमध्ये त्या पोर्टला ४ ऐवजी २ च लेन दिल्या होत्या. जुना लॅपटॉप असेल तर हेही तपासा.
- मॅकवाल्यांनो, तुमच्यासाठी उत्तर सोपं आहे. अ‍ॅपलने २०१८ मध्ये इंटेल चिपच्या मॅकला ईजीपीयूची सोय दिली, पण २०२० पासून आलेल्या एम-सिरीज चिपच्या मॅकसाठी ती दिलेली नाही. विषय संपला.

थंडरबोल्ट नसेल तर लॅपटॉपची पाठ उघडून आतल्या एनव्हीएमई स्लॉटला अडॅप्टर लावायचा जुगाडही लोक करतात. शिकण्यासाठी छान आहे. पण ज्या मशीनवर गिऱ्हाइकाचं काम आहे, ज्याची वॉरंटी शिल्लक आहे, त्यावर असले प्रयोग नकोत.

## दुसरी चाळणी : तीन दिवस वही घेऊन बसा

आता खरं काम. एकही रुपया खर्च न करता करायचंय.

लॅपटॉप अडकला की कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्सवर जा. तिथे सीपीयू, मेमरी, डिस्क आणि जीपीयू असे वेगवेगळे आलेख दिसतील. अडकण्याच्या त्या क्षणी कोणता आलेख वर टेकलाय ते वहीत लिहा. वेळही लिहा.

- डिस्क टेकली असेल तर तुमचं फुटेज जुन्या फिरत्या हार्ड डिस्कवर आहे. एसएसडी घ्या.
- मेमरी भरली असेल तर रॅम वाढवा. फोटोशॉप आणि अल्बम डिझाइनवाल्यांचा घोळ बहुतेक वेळा इथेच असतो.
- सीपीयू टेकला असेल तर बाहेरचं कार्ड लावूनही तो तसाच टेकलेला राहील.
- जीपीयू सतत वर आणि बाकी सगळे निवांत असतील तर आणि तरच कार्डाचा विचार करा.

टाइमलाइनवर फोर-के फुटेज अडखळत असेल तर आधी प्रॉक्सी वापरून बघा. प्रॉक्सी म्हणजे त्याच फुटेजची हलकी नक्कल. एडिट नकलेवर करायचं, शेवटी एक्स्पोर्ट मूळ फुटेजमधून. डाविंची रिझॉल्व्ह आणि प्रीमिअर दोन्हीत ही सोय आहे. खर्च शून्य.

आणखी एक चाचणी सांगतो, ही माझी आवडती. ज्या मित्राकडे किंवा दुकानात तेच कार्ड लावलेला डेस्कटॉप असेल, तिथे तुमचा स्वतःचा प्रोजेक्ट पेनड्राइव्हवर घेऊन जा. यूट्यूबवरच्या गेमचे आकडे आपल्या कामाचे नाहीत. तिथे एक्स्पोर्ट करा आणि मिनिटं मोजा. डेस्कटॉपवर कार्डाला पूर्ण रुंद रस्ता आहे. तिथेच फारसा फरक पडला नाही, तर केबलमधून काय पडणार?

## तिसरी चाळणी : वाचलेला तास विकला जातो का?

समजा तुम्ही महिन्याला ४ लग्नं करता. कार्डामुळे एका लग्नामागे २ तास वाचतात. म्हणजे महिन्याला ८ तास. आता स्वतःला दोन प्रश्न विचारा.

एक, हे ८ तास तुम्ही जागे असता तेव्हाचे आहेत की रात्री मशीन एकटं चालतं तेव्हाचे? माझे रात्रीचे होते.

दोन, या ८ तासांत करायला पैसे देणारं काम हातात आहे का? ६०,००० रुपये १२ महिन्यांच्या हप्त्यावर घेतले तर व्याज धरून महिन्याला ५,००० च्या वर जाणार. त्या ८ तासांतून तेवढी जादा कमाई होते का? लग्नसराईत होईलही. पण आषाढात? हप्ता मुहूर्त बघून येत नाही, मित्रांनो.

मुद्रा योजनेत शिशु गटाची मर्यादा ५०,००० रुपये आहे. म्हणजे एखाद्याच्या धंद्याचं अख्खं सुरुवातीचं कर्ज या एका डब्यात जाऊ शकतं. मग पेनड्राइव्ह, येणं-जाणं, जाहिरात, मदतनीसाची मजुरी कुठून भरणार?

## मग घ्यावं कुणी?

आपल्या बॅचच्या एक ताई आहेत, इंटिरियर डिझाइन करतात. दिवसभर साइटवर, लॅपटॉप कायम सोबत. संध्याकाळी ऑफिसात गिऱ्हाईक समोर बसतं आणि स्क्रीनवर घर फिरून बघतं. "ती भिंत फिकट करून दाखवा," म्हटलं की तिथल्या तिथे दाखवावं लागतं. इथे चित्र अडखळलं तर गिऱ्हाइकाचा मूड जातो, कधी कधी ऑर्डरही. त्यांच्या लॅपटॉपला थंडरबोल्ट होता, जीपीयूचा आलेख टेकलेला होता आणि वाचलेला वेळ गिऱ्हाइकासमोरचा होता. त्यांनी घेतलं आणि योग्य केलं.

म्हणजे तीन गोष्टी एकत्र हव्यात: लॅपटॉप रोज बाहेर न्यावाच लागतो, अडथळा जीपीयूचाच आहे आणि वाचलेला वेळ विकला जातो. यातली एक जरी नसली तरी थांबा.

"पण सर, कार्ड उद्या डेस्कटॉपला लावता येईल की, वाया कुठे जातंय?" हा प्रश्न मला नेहमी येतो आणि तो बरोबर आहे. कार्ड वाया जात नाही. वाया जातो तो डबा. त्या डब्याच्या पैशांत थोडी भर घालून जुना पण धड डेस्कटॉप मिळतो का, याची आधी चौकशी करा. काम एकाच टेबलावर होत असेल तर माझा कौल डेस्कटॉपलाच. शिवाय रात्री डेस्कटॉपवर रेंडर चालू आणि लॅपटॉप तुमच्या हातात मोकळा, हा फायदा वेगळाच.

## घेतलंच, तर एवढं सांभाळा

वीज. लॅपटॉपला बॅटरी असते, डब्याला नसते. लाइट गेली की लॅपटॉप चालू राहतो पण कार्ड मध्येच गायब होतं, आणि सॉफ्टवेअर बंद पडून रेंडर वाया जाऊ शकतं. म्हणून डबा आणि मॉनिटर दोन्ही यूपीएसवर हवेत. यूपीएसवरचा व्हीए आकडा म्हणजे वॉट नव्हे. ६०० व्हीएचे घरगुती यूपीएस साधारण ३६० वॉटच देतात. आरटीएक्स ३०६० हे एकटं कार्डच १७० वॉटपर्यंत खातं.

मॉनिटर. तो थेट कार्डालाच जोडा. लॅपटॉपच्याच स्क्रीनवर चित्र बघितलं तर ते त्याच अरुंद केबलने परत यावं लागतं.

केबल. डब्यासोबत आलेली आखूड केबलच वापरा. लांबच्या साध्या केबलवर पूर्ण वेग मिळेलच असं नाही.

मेमरी. कार्ड निवडताना नुसता नवा नंबर बघू नका. आरटीएक्स ३०६० बहुतेक १२ जीबी मेमरीत मिळतं, त्याच्यानंतर आलेल्या आरटीएक्स ४०६० ला ८ जीबीच आहे. मोठे सीन असतील तर हा फरक जाणवतो.

बिल. जीएसटी नोंदणी असेल तर तुमचा नंबर टाकून पक्कं बिल घ्या, इनपुट क्रेडिट मिळतं. बिलाशिवाय जुनं कार्ड घेतलं तर क्रेडिटही नाही आणि वॉरंटीसाठी भांडायला कागदही नाही.

## त्या मुलाचं काय झालं?

तीन दिवसांनी वहीचा फोटो पाठवला. अकरा वेळा लॅपटॉप अडकला होता. त्यातले आठ वेळा डिस्क, दोन वेळा मेमरी आणि जीपीयू फक्त एकदा. त्याने एसएसडी घेतली, प्रॉक्सी शिकला आणि बाकीचे पैसे सीझनसाठी राखून ठेवले. कार्ड त्याने कायमचं रद्द केलेलं नाही, पुढे ढकललंय. पुढच्या वर्षी वहीत जीपीयू आठ वेळा आला तर मीच त्याला दुकानात घेऊन जाईन.

धंद्यात मशीन घेणं वाईट नाही. पण कोणतं काम अडलंय हे माहीत नसताना घेतलेलं मशीन हप्ता वाढवतं, कमाई नाही. तुम्हीही आजपासून तीन दिवस मोजा. तुमचा कोणता आलेख टेकला ते कमेंटमध्ये लिहा, मी वाचतो आणि उत्तरही देतो.

भेटू पुढच्या व्हिडिओत. कामाला लागा!