धावपट्टी समोर असताना

१५ जुलै २०१३. राजस्थानातील बाडमेरजवळच्या उत्तरलाई हवाई तळावर नेहमीचे सराव-उड्डाण आटोपून एक मिग-२१ बायसन परतत होते. युद्ध नव्हते, शत्रू नव्हता, तळ समोर होता. तरीही उतरताना विमान कोसळले आणि वैमानिकाने प्राण गमावले. रणांगणावरील वीरमरणाला राष्ट्र वंदन करते. घराच्या उंबरठ्यावर, सरावात आलेल्या मृत्यूची मात्र चार ओळींची बातमी होते. चौकशीचे आदेश दिले गेल्याचे वाक्य तिच्या शेवटी ठरलेले असते.

अवतरण हा उड्डाणातील कसोटीचा क्षण. उंचावर झालेली चूक सावरण्यास अवकाश मिळतो, जमिनीलगत तो मिळत नाही. मिग-२१ चे त्रिकोणी पंख ध्वनीच्या दुप्पट वेगासाठी घडवलेले. मंद वेगात ते विमानाला पुरेसे उचलून धरीत नाहीत. म्हणून नाक वर ठेवून, ताशी तीनशे किलोमीटरहून अधिक वेगाने हे विमान धावपट्टीवर आणावे लागे. इंजिनाची शक्ती त्या वेळी थोडी कमी पडली तरी ते झपाट्याने खाली येई. प्रशिक्षणाच्या दोन आसनी मिगमध्ये तर मागे बसलेल्या गुरूला समोरची धावपट्टी पेरिस्कोपमधून पाहावी लागे.

अशा विमानावर आपण विशी-बाविशीची मुले बसवली, तीही किरणसारख्या सौम्य प्रकृतीच्या विमानावर शिकून आलेली. मधली पायरी हवी, प्रगत जेट प्रशिक्षण विमान हवे, हे एअर मार्शल डेनिस ला फाँतेन यांच्या समितीने १९८२ मध्येच सांगितले होते. ६६ हॉक विमानांचा करार झाला मार्च २००४ मध्ये आणि बीदरच्या तळावर ती दाखल झाली २००८ मध्ये. शिफारस आणि पूर्तता यांत सव्वीस वर्षे गेली. या काळात सर्व पक्षांची सरकारे आली. दोष एकाच्या माथी मारून इतरांना मोकळे होता येणार नाही. ज्यांना आपण आपले मानतो, त्यांनाही नाही.

१७ सप्टेंबर २००१ रोजी सुरतगढजवळ रात्रीच्या उड्डाणात फ्लाइट लेफ्टनंट अभिजित गाडगीळ यांचे मिग-२१ कोसळले. तो अपघात अवतरणाचा नव्हे, उड्डाण घेतल्यानंतरचा. परंतु सारा दोष मृत मुलाच्या माथी टाकणे त्यांच्या मातोश्री कविता गाडगीळ यांनी मान्य केले नाही. त्या मराठी मातेने उभा केलेला प्रश्न साऱ्या देशाचा होता. २०१२ मध्ये संरक्षणमंत्र्यांनीच संसदेत सांगितले की, घेतलेल्या ८७२ मिग विमानांपैकी ४८२ अपघातांत गमावली आणि १७१ वैमानिक मृत्युमुखी पडले.

या साऱ्या अपघातांचे कारण एकच होते, असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. कधी यंत्र दगा देते, कधी पक्षी आडवा येतो, कधी वैमानिक खरोखरच चुकतो. त्याच मिगने १९७१ मध्ये आणि कारगिलमध्ये पराक्रमही गाजवला. पण 'मानवी चूक' असा शेरा मारून फाइल बंद करण्यापूर्वी विचारले पाहिजे की, त्या मानवाला तयारीसाठी आपण काय दिले? निर्णय लांबवणारा कारकून आणि सही टाळणारा मंत्री कोणत्याही अपघाताच्या अहवालात सापडत नाहीत.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदिगडला मिग-२१ ला निरोप देण्यात आला. प्रश्नाला मात्र निरोप मिळालेला नाही. प्राथमिक प्रशिक्षणाचे एचपीटी-३२ विमान अपघातांच्या मालिकेनंतर २००९ मध्ये थांबवावे लागले आणि त्याच्या जागी स्वित्झर्लंडचे पिलाटस यायला २०१३ उजाडले. किरणची जागा घेण्यासाठी २००३ मध्ये प्रथम झेपावलेले स्वदेशी जेट प्रशिक्षण विमान दोन दशके उलटूनही सेवेत येऊ शकले नाही. २०२३ मध्ये मागवलेल्या ७० एचटीटी-४० विमानांचा पुरवठा परदेशी इंजिने वेळेवर न आल्याने लांबला. याच विमानाची दुसरी उत्पादनसाखळी ऑक्टोबर २०२५ मध्ये नाशिकच्या कारखान्यात सुरू झाली. एकेकाळी मिग-२१ जेथे बांधली जात, तेच हे नाशिक. ही समाधानाची बाब आहे, परंतु इंजिनासाठी परक्या दाराशी ताटकळणारी स्वदेशी अपुरीच म्हणायची.

लढाऊ विमानांच्या संचलनाला टाळ्या मिळतात. प्रशिक्षण विमान कोणाच्या नजरेत भरत नाही. वास्तविक वायुदलाची पहिली शाळा तीच. आपल्या घरातील मुलगा किंवा मुलगी वायुदलात जाते, तेव्हा प्राणार्पणाची तयारी ठेवूनच जाते. तो प्राण राष्ट्राकडे ठेव म्हणून दिलेला असतो. युद्धात तो खर्ची पडला तर घर दुःख गिळून मान ताठ ठेवते. शांततेच्या काळात, धावपट्टी समोर असताना तो गेला, तर त्या घराला हिशेब मागण्याचा अधिकार आहे. आणि तो देण्याचे कर्तव्य आपल्या सर्वांचे आहे.