राडारोडा कोणाच्या दारात?

देवनारच्या कचराभूमीवर मुंबई १९२७ पासून आपला कचरा टाकीत आली आहे. घरोघरचे खरकटे आणि पाडलेल्या इमारतींचा राडारोडा या दोहोंचा शेवट तेथील डोंगरात होत आला. कचरा करणारे त्या डोंगरापासून दूर राहतात. ज्यांना शहरात अन्यत्र थारा मिळाला नाही, ते गोवंडी-शिवाजीनगरात त्याच्या पायथ्याशी राहतात. महापालिकेच्याच २००९ च्या मानवी विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग सर्वांत तळाशी होता. याला योगायोग कोण म्हणेल?

जानेवारी २०१६ मध्ये डोंगर पेटला, धूर दूरवर पोहोचला, तेव्हा शहराला देवनार आठवले. पुढच्याच महिन्यात उच्च न्यायालयाने मुंबईतील नव्या बांधकामांना परवानगी देण्यास मनाई केली. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती अटींवर शिथिल केली. राडारोडा ठरलेल्या जागीच टाकावा, ही त्यांतील एक अट.

मार्ग अज्ञात नाही. दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्याने तो वेगळा करून प्रक्रियेचा खर्च द्यावा, असे २०१६ च्या केंद्रीय नियमांनीच सांगितले होते. विटा-काँक्रीट भरडून पुन्हा बांधकामात वापरता येते. तरीही रात्री ट्रक खाडीकाठच्या तिवरांत रिकामे होतात. कारण वाहतुकीत वाचलेला पैसा हा ठेकेदाराचा नफा असतो. उलट, देवनारचा जुना डोंगर हटविण्यासाठी महापालिकेने २०२५ मध्ये सुमारे २,३६८ कोटी रुपयांची निविदा काढली. नफा खासगी, निस्तरणे सार्वजनिक!

ऑक्टोबर २०२४ मध्ये राज्य सरकारने याच कचराभूमीची सुमारे १२४ एकर जमीन धारावी पुनर्विकासासाठी देण्याचे ठरविले. धारावीत घर मिळण्यास जे ‘अपात्र’ ठरतील, त्यांच्यासाठी ही जागा! ज्या न्यायाने राडारोडा हलविला जातो, त्याच न्यायाने आता माणसेही हलविली जाणार आहेत.

म्हणून आपल्या मागण्या स्पष्ट हव्यात. राडारोडा योग्य जागी पोहोचल्याची पावती दाखविल्याखेरीज बांधकामाला पुढील परवानगी नको. ओला-सुका कचरा प्रत्येक प्रभागातच वेगळा व्हावा. कचरावेचकांना ओळखपत्र आणि रास्त मोबदला मिळावा. १९९३ मध्ये स्थापन झालेल्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीने संघटनेच्या बळावर पुण्यात ही वाट दाखविली आहे. आणि कचऱ्याच्या डोंगरावर कोणाचेही पुनर्वसन होता कामा नये.

कार्यकर्त्यांनी हा प्रश्न स्वच्छता मोहिमेच्या झाडूवर सोडू नये. आपल्या प्रभागातील राडारोडा कोठे जातो, हे प्रत्येक शाखेने आधी शोधावे आणि त्याचा जाब महापालिकेच्या दारात जाऊन विचारावा.