गल्ल्यावर डोळा असू द्या, कान नको

मी परभणीत दुकानांचे हिशेब लिहिते. मोंढ्यातली अडत दुकानं, स्टेशन रोडची कापडाची, झालंच तर दोन-तीन मेडिकल. बहुतेक ठिकाणी गल्ल्यावर कॅमेरा आहे आणि त्याला माझी हरकत नाही. सोयाबीन-कापसाच्या हंगामात रोकड हातोहात फिरते, शंभर रुपयांची तूट आली तरी आधी आळ येतो तो पोरांवर. अशा वेळी फुटेज मालकाइतकंच नोकरालाही वाचवतं. माझी हरकत आहे ती आवाजाला.

आता साध्या वायफाय कॅमेऱ्यातही माइक आणि स्पीकर असतो. मालक कुठूनही मोबाइलवर दुकानातलं बोलणं ऐकतो आणि तिथूनच बोलतोही. एका कापड दुकानात मी टॅलीत नोंदी करत बसले होते. काउंटरवरची मुलगी दुपारचा डबा खाता खाता आईशी हलक्या आवाजात बोलत होती. पाळी दोन महिने आली नव्हती, डॉक्टरीणबाईंकडे कधी जायचं, एवढंच. तेवढ्यात वरून आवाज आला, “कुणासंग बोलायलीस गं? दवाखान्याचं सुट्टीच्या दिवशी बघ.” मालक लग्नाला लातूरला होते. मुलीनं हातातला घास परत डब्यात ठेवला. आता तिला घरी फोन करायचा तर ती बाहेर उन्हात जाऊन उभी राहते. पगाराची उचल मागावी का, एवढं आपसात बोलायलाही त्या दुकानातली पोरं रस्त्यावर येतात.

हे कायद्यात बसतं का? कामाच्या जागेवरच्या कॅमेऱ्यासाठी आपल्याकडे स्वतंत्र कायदा नाही, तुकडे आहेत. बाईमाणूस कपडे बदलते तिथे चोरून चित्रण केलं, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली तुरुंग आहे. फोनवरचं बोलणं हा खासगीपणाचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९९६ मध्येच सांगितलं आणि २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणाला मूलभूत हक्क मानलं. पण हा हक्क मुख्यतः सरकारविरुद्ध मागता येतो. दुकानमालकापर्यंत पोचतो तो २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला त्यापुढे १८ महिने आहेत. त्यातही कलम ७ मध्ये नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टळावं म्हणून संमतीशिवाय माहिती वापरायची मुभा आहे. गल्ल्याचं चित्रण या मुभेत बसेल. डबा खाताना आईशी झालेलं बोलणं मालकाचं कोणतं नुकसान टाळतं?

स्पेनमधल्या एका सुपरमार्केटनं गल्ल्यांवर छुपे कॅमेरे लावले होते. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं २०१९ मध्ये ते चालवून घेतलं, कारण चोरीचा सबळ संशय होता, चित्रण दहाच दिवस चाललं आणि ठरावीक जागेपुरतं होतं. हे माप मला पटतं.

आवाजासह कॅमेरा जिथे हवाच, ती जागा सर्वोच्च न्यायालयानं २ डिसेंबर २०२० च्या परमवीर सिंह सैनी निकालात सांगितली आहे: प्रत्येक पोलीस ठाणं. रेकॉर्डिंग १८ महिने ठेवायचं, ते जमतच नसेल तर निदान वर्षभर. परभणीकरांना याचं महत्त्व वेगळं सांगायला नको. सोमनाथ सूर्यवंशी हा कायद्याचा विद्यार्थी अटकेनंतर १५ डिसेंबर २०२४ ला न्यायालयीन कोठडीत असताना मरण पावला. सीसीटीव्हीत मारहाण दिसत नाही, असं मुख्यमंत्र्यांनी विधानसभेत सांगितलं. शवविच्छेदनात मात्र अंगावर अनेक जखमा निघाल्या आणि ४ जुलै २०२५ ला औरंगाबाद खंडपीठाला गुन्हा नोंदवायचा आदेश द्यावा लागला. कोठडीतल्या माणसाचं ओरडणं ऐकू यायला हवं, म्हणून तिथे माइक लागतो. दुकानात माइक लागतो तो ज्याच्या हाती नोकरी आहे त्याच्या सोयीसाठी.

कॅमेरा आहे असा मराठी फलक दारात लावा. फुटेज कोण बघतं, किती दिवस राहतं, हे कामावर घेतानाच सांगा. आणि माइक बंद करा. बहुतेक ॲपमध्ये आवाजाची सेटिंग वेगळी असते, कॅमेरा बसवायला येणारा पोरगाही ती दाखवतो. माझ्याकडे ज्यांचे हिशेब आहेत, त्या मालकांना यंदा वहीपूजनाआधी मी हेच सांगणार आहे. त्या कापड दुकानाच्या मालकांना सगळ्यात आधी.