भिंतीवरची पाटी आणि गल्ल्यावरची रीत

हल्ली मोठमोठ्या कंपन्यांत ‘मूल्ये’ हा शब्द फार चालतो. कचेरीत शिरताच समोर पाटी दिसते: सचोटी, आदर, ग्राहकसेवा. हे पाहून आपल्यापैकी अनेकांना वाटते की हे मोठ्या लोकांचे काम आहे. चार नोकरांच्या दुकानाला, दोन मशीन चालवणाऱ्या कारागिराला कसली आलीत मूल्ये?

माझे म्हणणे असे आहे की, चार नोकरांच्या दुकानालाही मूल्ये असतातच. पाटी नसली तरी काउंटरवरच्या पोराला ती तोंडपाठ असतात. मालक काय बोलतो यावरून तो ती शिकत नाही. पैशाचे नुकसान समोर उभे राहिले म्हणजे मालक काय करतो, हे तो पाहतो आणि त्यावरून दुकानाची रीत ओळखतो.

आपल्या बार्शीचेच पाहा. बार्शीला मराठवाड्याचे प्रवेशद्वार म्हणतात. परंडा, भूम, वाशी, कळंब भागांतला शेतकरी येथे माल घालतो आणि त्याच पैशात लेकीच्या लग्नाचा बस्ता बांधतो. बस्त्याला घरची दहा माणसे येतात. अशा गर्दीत मालक हळूच पोराला सांगतो, “रंग जात नाही म्हणून सांग.” मिश्र सूत असलेला ताका ‘प्युअर कॉटन’ म्हणून उलगडला जातो. कापड जरा ओढून मोजले की मीटरमागे बोटभर वाचते. घाऊक व्यापाऱ्याचा माणूस वसुलीला आला की तोच पोरगा पुढे होतो, “शेठ बाहेरगावी गेलेत.” शेठ मागच्या खोलीत चहा पीत असतात.

आता विचार करा, या पोराने काय शिकावे? सकाळी गिऱ्हाइकाशी आणि दुपारी वसुलीवाल्याशी मालकासाठी खोटे बोलणारा मुलगा संध्याकाळी गल्ल्याचा हिशेब देताना मालकाशी खरे बोलेल, ही अपेक्षा कशाच्या जोरावर? “आजकाल प्रामाणिक माणूस मिळत नाही” ही तक्रार प्रत्येक पेढीवर ऐकू येते. परंतु मिळालेल्या माणसाला आपण काय शिकवले, याचा हिशेब कोणी मांडत नाही.

आपल्याला तर हा विषय नवा नाही. कुरआन मजीदमध्ये मापात कसूर करणाऱ्यांविषयी ‘मुतफ्फिफीन’ नावाचा स्वतंत्र अध्याय आहे. हजरत शुऐब (अलै.) यांनी आपल्या कौमला अल्लाहच्या भक्तीबरोबरच मापतोल पुरा करण्याची ताकीद दिली. मदीनेच्या बाजारात पैगंबर मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या ढिगाऱ्यात हात घातला, तेव्हा बोटांना ओल लागली. विक्रेत्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओला माल वर का ठेवला नाही, म्हणजे लोकांना दिसला असता, असे आपण (स.) त्याला विचारले. ही हदीस आपण जुम्याच्या खुतब्यात ऐकतो. दुकान उघडताना ती कितीजणांना आठवते?

कापडवाल्यांसाठी तर याहून जवळचे उदाहरण आहे. इमाम अबू हनीफा (रह.) हे फिकहचे इमाम होते, तसे कूफा शहरातले कापडाचे व्यापारीही होते. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग सांगतात. त्यांनी भागीदाराकडे माल पाठवला आणि कळवले की, एका कापडात दोष आहे, तो दाखवूनच विका. भागीदार सांगायला विसरला. माल विकला गेला, आणि गिऱ्हाईक कोण होते तेही कळेना. तेव्हा इमामसाहेबांनी त्या मालाची सारी रक्कम सदका करून टाकली. फक्त सदोष कापडाची नव्हे, सगळी. अशी रक्कम हातातून जाताना ज्याने पाहिली, त्या भागीदाराला पुन्हा उपदेश करण्याची गरज काय?

कोणी म्हणेल, ती जुनी माणसे होती, आजच्या बाजारात हे चालत नाही. तर आजचे आणि आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण घ्या. मोहम्मद हाशम प्रेमजी यांनी १९४५ साली जळगाव जिल्ह्यातील अमळनेरला वनस्पती तुपाची कंपनी काढली. १९६६ साली त्यांचे निधन झाले आणि एकवीस वर्षांचे अझीम प्रेमजी अमेरिकेतले शिक्षण सोडून परतले. तीच पुढे विप्रो झाली. लाच देणार नाही, कामाला उशीर झाला तरी चालेल, ही त्यांची भूमिका जाहीर होती. २०१९ पर्यंत त्यांनी कंपनीतील ६७ टक्के मालकीचा आर्थिक लाभ आपल्या फाउंडेशनच्या शिक्षणकार्यासाठी दिला.

पण मला त्या कंपनीची दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. २०२२ साली त्यांचे चिरंजीव रिशद प्रेमजी यांनी जाहीरपणे सांगितले की, सचोटीच्या नियमाचा गंभीर भंग केल्यामुळे कंपनीच्या सर्वांत वरच्या वीस अधिकाऱ्यांपैकी एकाला काढण्याचा निर्णय दहा मिनिटांत घेतला गेला. आपली दुकाने नेमकी येथेच अडखळतात. नियम परक्या नोकराला लागू, आणि भाचा किंवा मेहुणा असेल तर “जाऊ द्या, घरचाच आहे.” नोकराने गल्ल्यातून शंभर रुपये घेतले तर चोरी, पुतण्याने घेतले तर खर्ची. हे सारे बाकीची माणसे पाहत असतात, आणि त्या दिवसापासून दुकानात नियम उरत नाही.

नुसत्या पाटीचे काय होते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. रत्नागिरी जिल्ह्यातील दाभोळ वीज प्रकल्पामुळे एन्रॉनचे नाव घराघरांत पोहोचले. या अमेरिकन कंपनीने आपली चार मूल्ये छापून ठेवली होती: आदर, सचोटी, संवाद आणि उत्कृष्टता. आत मात्र कर्जे लपवून नफा फुगवून दाखवला जात होता. डिसेंबर २००१ मध्ये तिने दिवाळे काढले. हजारो कामगारांच्या नोकऱ्या गेल्या, आणि ज्यांनी म्हातारपणाची पुंजी कंपनीच्याच शेअरमध्ये ठेवली होती त्यांची ती पुंजीही बुडाली. पाटीवरचे शब्द उत्तम होते. कमी पडली ती मालकांची नियत.

व्यापारी बांधव विचारतील, “खरे सांगितले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल, त्याचे काय?” प्रश्न रास्त आहे. काही गिऱ्हाइके जातीलच. जसे दुकानाचे भाडे आणि विजेचे बिल, तसाच हाही धंद्याचा एक खर्च धरावा. पण हेही ध्यानात घ्या की बस्त्याचे गिऱ्हाईक एकटे नसते. रंग गेलेली साडी घेऊन लेक माहेरी आली की साऱ्या गावाला दुकानाचे नाव कळते. सोलापुरी चादरीचेच घ्या. तिला जी.आय. मानांकन मिळाले आहे, तरी बाहेरची चादर ‘सोलापुरी’ म्हणून विकली जाते ही तेथील कारखानदारांची जुनी तक्रार आहे. हे खोटे लेबल शेवटी कोणत्यातरी दुकानात नोकराच्या हातूनच विकले जाते आणि मार बसतो तो विणकराच्या पोटावर.

मग करावे काय? मोठी व्याख्याने नकोत. चार-पाच गोष्टी ठरवाव्यात आणि नोकरांना बसवून सांगाव्यात.

पहिली, पगाराची तारीख. घाम सुकण्याआधी मजुरी द्यावी ही आपली शिकवण आहे, आणि कायदाही महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या सात तारखेच्या आत द्यायला सांगतो. “वसुली आली की देतो” हे चालणार नाही. घरी बसून फॉल-पिको करणाऱ्या आयाबहिणींचे पैसे तर आपण सर्वांत शेवटी देतो. ते नगानुसार, आठवड्याच्या आठवड्याला दिले पाहिजेत.

दुसरी, नोकराला आपल्यासाठी खोटे बोलायला लावू नये. वसुलीवाला आला तर मालकाने स्वतः पुढे येऊन मुदत मागावी. मुदत मागण्यात कमीपणा नाही.

तिसरी, मालातील दोष आधी सांगावा. दोष सांगितल्यामुळे विक्री गेली तर त्या मुलाला बोल लावू नये. उलट चारचौघांत शाबासकी द्यावी.

चौथी, घरच्यांना आणि नोकरांना एकच नियम. उचल असो की सुटी, वहीत लिहिली पाहिजे.

पाचवी, आपल्या दुकानांत सर्व समाजांची मुले काम करतात. आपण जुम्याच्या नमाजला जातो, तसे पोळ्याला, पंचमीला, आंबेडकर जयंतीला त्यांना घरी जायचे असते. ती सुटी त्याने तोंड पाडून मागावी लागू नये.

यातील एकाही गोष्टीला भांडवल लागत नाही. कदाचित म्हणूनच त्या अवघड आहेत. आज मोबाईलवर कापड घरपोच मिळते आणि भावात आपण त्यांच्याशी कुठवर टक्कर देणार? आपल्याकडे उरते ते गिऱ्हाइकाशी समोरासमोर बोलणारे माणूस. त्याचा शब्द खरा असेल तर गिऱ्हाईक पायऱ्या चढेल. तो शब्द खरा राहील की नाही, हे गल्ल्यावर बसलेला माणूस ठरवतो. अल्लाह आपल्या व्यापारात बरकत देवो आणि ती बरकत हलाल मार्गाने घेण्याची तौफीकही देवो.