‘जेली’ : एका रुळलेल्या शब्दाची झाडाझडती

परभाषेतून येऊन रुळलेला शब्द अनुवादात जसाच्या तसा ठेवावा, त्याचा अर्थ वाचकाला ठाऊक असतोच, असा सल्ला अनुवादाच्या वर्गांत हमखास दिला जातो. हा सल्ला निव्वळ आळसाचा आहे. पडताळणीसाठी ‘जेली’ हा एकच शब्द पुरेसा आहे.

या शब्दाचे मूळ ‘गोठणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. फ्रेंचमार्गे तो इंग्रजीत आला आणि पुढे दुभंगला. ब्रिटिश घरात जेली म्हणजे प्रामुख्याने जिलेटिनने थिजवलेला, बशीत थरथरणारा गोड पदार्थ. अमेरिकेत जेली म्हणजे फळांचा गाळीव रस साखरेसह आटवून केलेला, पावाला लावायचा पदार्थ. थरथरणाऱ्या पदार्थाला तेथे १८९७ साली जन्मलेले ‘जेल-ओ’ हे व्यापारी नावच चिकटले.

मराठीत दोन्ही अर्थ नांदतात. पेरूची जेली फळातल्या पेक्टिनमुळे घट्ट होते. फ्रूट कस्टर्डवरची लाल-हिरवी जेली जिलेटिनची तरी असते, नाहीतर समुद्रशेवाळापासून काढलेल्या चायना ग्रासची. अशा स्थितीत अमेरिकन कथेतील मुलाच्या डब्यात नुसती ‘पाव आणि जेली’ ठेवणारा अनुवादक पावावर डुगडुगणारा गोळा बसवतो. दोष वाचकाचा कसा?

प्रश्न केवळ चित्र चुकण्याचा नाही. जिलेटिन जनावरांच्या हाडा-कातड्यांतील कोलॅजेनपासून तयार होते. सुताराचा सरस हा त्याचाच ओबडधोबड भाऊबंद. वर्तमानपत्री मराठीत मात्र ‘जिलेटिन’ म्हणताच स्फोटकांच्या कांड्या आठवतात. नोबेलने १८७५ साली सिद्ध केलेल्या त्या स्फोटक जिलेटिनमध्ये हाडांचा अंशही नव्हता! शाकाहारी माणसाला पाकिटावरची खूण सावध करते. ‘एक गोड पदार्थ’ एवढ्यावर थांबणारी कोशातली नोंद त्याला अंधारातच ठेवते.

यावर शुद्धिवादी मंडळी नवा प्रतिशब्द घडवू पाहतील. परंतु दोन पदार्थांतला भेद न ओळखता घडवलेला संस्कृतोद्भव शब्दही तोच गोंधळ अधिक भारदस्तपणे करील. ‘जेली’ खुशाल राहू द्यावी. कोशकाराने दोन अर्थ स्वतंत्र क्रमांकांनी नोंदवून घट्ट करणारा घटक सांगावा; अनुवादकाने ‘फळांच्या रसाची जेली’ म्हणण्याचे कष्ट घ्यावेत. एवढेही जड वाटत असेल, तर त्याने निदान वाचकाच्या जाणतेपणाची ढाल पुढे करू नये.