अंदलुसचे उसासे पुरे, आता स्पॅनिश शिका

न्हावा शेवा बंदरातून निघालेले कंटेनर स्पेनच्या अल्हेसिरास, वालेन्सिया या बंदरांतही उतरतात. अल्हेसिरास हे नाव मुळात अरबी, ‘अल-जझीरा’, म्हणजे बेट. एवढी मालाची ये-जा आहे, पण उरण-पनवेलकडच्या एखाद्या ग्रॅज्युएट मुलाला विचारा, पुढे कुठे शिकणार? तो लंडन म्हणेल, कॅनडा म्हणेल, नाहीतर सरळ दुबईतल्या मामूंचं नाव सांगेल. स्पेन कुणाच्या तोंडी येत नाही. मेक्सिको, चिली, अर्जेंटिना तर लांबच राहिले.

आपल्याकडे स्पेन येतो तो जलशांत आणि तकरिरींत. ‘अंदलुस’ म्हणून. कुर्तुबाची मशीद, अल-हमरा, आठशे वर्षांची हुकूमत, मग एक लांब उसासा. इक्बाल १९३३ साली कुर्तुब्याला जाऊन आले आणि त्यांनी त्यावर नज्म लिहिली. ती मी दरवर्षी वर्गात शिकवतो आणि मला ती आवडते. पण आपण त्या नज्मपाशीच मुक्काम ठोकला आहे. ग्रनाडाच्या सुलतानाने १३४९ साली बांधलेला मदरसा आज तिथल्या विद्यापीठाच्या ताब्यात आहे. ते विद्यापीठ १५३१ सालचं, आणि आजही चालू आहे. तिथे अर्ज करायला कुणी मनाई केलेली नाही. उसासा टाकायला काही लागत नाही. अर्जाला मात्र पासपोर्ट लागतो, गुणपत्रिका लागतात आणि भाषा लागते.

भाषेचीच भीती सगळ्यात मोठी, असं मुलं सांगतात. उर्दू माध्यमातून आलेल्या मुलाने तरी ही भीती धरू नये. स्पॅनिशमध्ये साखरेला ‘असुकार’ म्हणतात, ती आपली शक्करच. केशराला ‘असाफ्रान’, म्हणजे जाफरान. ‘असं होवो’ या अर्थी ते ‘ओहाला’ म्हणतात, त्याच्या आत अल्लाहचं नाव लपलेलं आहे. मराठीवाल्यांनीही मागे राहायचं कारण नाही. पगार, पाव, बटाटा, बिजागरी हे शब्द पोर्तुगिजांनी इथे सोडले, आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण. आपल्याच रायगड जिल्ह्यात कोर्लईला आजही पोर्तुगीज वळणाची बोली घराघरात बोलतात. उर्दू, मराठी, कोकणी, हिंदी आणि मोडकंतोडकं इंग्रजी घेऊन वाढलेल्या पोराला सहावी भाषा जड जाईल, हे मला पटत नाही.

आणि ही वाट काही नवी नाही. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे गदर चळवळीतले क्रांतिकारक. अमेरिकेत शेतीशास्त्र शिकले, पहिल्या महायुद्धात इराणमध्ये इंग्रजांशी लढले आणि १९२० च्या दशकात मेक्सिकोत पोचले. तिथल्या चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते शिकवू लागले. मक्याच्या जातींवर काम केलं, शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. दिएगो रिव्हेराने मेक्सिको शहरातल्या शिक्षण खात्याच्या भिंतीवर जे चित्र रंगवलं, त्यात भाकरी वाटून देणाऱ्या माणसाचा चेहरा या वऱ्हाडी माणसाचा आहे. आपल्या किती पाठ्यपुस्तकांत हे आहे? असो.

आता खऱ्या अडचणींकडे येतो. माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीने सूक्ष्मजीवशास्त्रात बीएस्सी केलं. घरात ती पहिली पदवीधर. वडील कंटेनर यार्डात कंत्राटी कामाला. तिच्या हातात एका एजंटाने माद्रिदच्या ‘मास्टर’चं चकचकीत पत्रक दिलं आणि फी सांगितली, ती ऐकून वडिलांनी गावातली दोन गुंठे जागा विकायची तयारी केली. मी ते पत्रक वाचलं तेव्हा लक्षात आलं, की हा कोर्स सरकारमान्य नव्हता. स्पेनमध्ये ‘मास्टर’ दोन प्रकारचे असतात. एक ‘ऑफिशियल’, म्हणजे सरकारी नोंदणी असलेला, ज्यावर पुढे पीएचडी करता येते. दुसरा ‘तितुलो प्रोपियो’, म्हणजे त्या संस्थेची स्वतःची पदवी. दुसऱ्यातले काही कोर्स चांगले असतातही, पण फक्त त्याच्या जोरावर पीएचडीचं दार सहसा उघडत नाही. मान्य कोर्सची यादी तिथल्या शिक्षण खात्याच्या नोंदवहीत इंटरनेटवर कुणालाही पाहता येते. जमिनीचा सौदा थांबला, पण मुलीचं शिक्षण थांबायला नको होतं. ते थांबलं. सध्या ती एका खासगी क्लासमध्ये शिकवते.

गंमत म्हणजे काही प्रांतांतल्या सरकारी विद्यापीठांत मान्य मास्टरची वर्षाची फी दोन हजार युरोंच्या आत बसते. एजंट ही विद्यापीठं दाखवत नाहीत, कारण तिथे त्यांना कमिशन नाही. खर्च होतो तो राहण्या-खाण्यावर. व्हिसासाठी महिन्याला सहाशे युरोंच्या आसपास रक्कम दाखवावी लागते, आरोग्य विमा लागतो, पदवीच्या कागदांवर परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल लागतो. शिकता शिकता आठवड्याला तीस तासांपर्यंत काम करता येतं. पण स्पॅनिश न येणाऱ्याला काम कोण देणार? म्हणून भाषा आधी, विमान नंतर.

मग पैसे. इथे आपल्या समाजात एक गोष्ट उघड बोलली जात नाही. पुष्कळ घरांत बँकेचं कर्ज घेत नाहीत, कारण व्याज. कुणी घेतलं तर नातेवाइकांपासून लपवतं. केंद्राची ‘पढो परदेश’ योजना अल्पसंख्याक मुलांच्या शैक्षणिक कर्जावरचं शिकण्याच्या काळातलं व्याज भरत असे, ती २०२२-२३ पासून बंद झाली. पीएचडीवाल्यांची मौलाना आझाद फेलोशिपही त्याच सुमारास गेली. याविरुद्ध बोललंच पाहिजे. पण सरकार ऐकेपर्यंत या वर्षी पास झालेल्या मुलीने काय करायचं?

तिने दोन गोष्टी कराव्यात. युरोपियन युनियनची ‘इरास्मस मुंडुस’ शिष्यवृत्ती बघावी. वेगवेगळ्या देशांतली विद्यापीठं मिळून हे मास्टर चालवतात, स्पेनची कितीतरी त्यात आहेत. निवड झाली तर फी माफ आणि महिन्याला १४०० युरो, कर्ज नाही, व्याज नाही. बहुतेक अर्ज ऑक्टोबर ते जानेवारीत मागवतात, म्हणजे पदवीच्या शेवटच्या वर्षाला असतानाच तयारी हवी. दुसरी गोष्ट, स्पॅनिशची ‘देले’ परीक्षा. दिल्लीत सेर्वांतेस संस्था आहे, पुणे विद्यापीठाच्या परकीय भाषा विभागात स्पॅनिश शिकवतात. अटल सेतू झाल्यापासून मुंबईही हाकेवर आली.

आणि बाकीच्यांनी, म्हणजे आपण जमातवाल्यांनी? कोकणातल्या गावागावांत आखाती पैशावर उभ्या राहिलेल्या देखण्या मशिदी आहेत. फरशी बदलायला पुन्हा पावती फाडली जाते, लोक देतातही. त्याच पावतीपुस्तकावर कर्ज-ए-हसनाचा फंड का नसावा? बिनव्याजी, परतफेडीचं, लेखी करार केलेलं कर्ज. मुलगी नोकरीला लागली की हप्ते फेडेल आणि ते पैसे पुढच्या मुलाला जातील. काही बुजुर्ग म्हणतील, मुलीला एकटीला एवढ्या लांब? त्यांना सांगावं, की ग्रनाडाच्या अल्बायसीन वस्तीत २००३ साली नवी मशीद उघडली आहे, अजान होते. आपल्या गावातल्या बायका आखातात नवऱ्यांकडे एकट्याच विमानाने जातात, तेव्हा हा प्रश्न कुणी विचारत नाही.

आमच्या जमातीच्या पुढच्या बैठकीत मी हा विषय मांडणार आहे. सुरुवात दोन मुलांपासून, त्यातली एक मुलगी, अट एकच, निघण्याआधी ‘देले’ची बी-वन पातळी पास. माझ्या बाजूने पहिली रक्कम मी लिहून ठेवली आहे. उरण, पनवेल, अलिबाग, मुरुड, कुठल्याही जमातीला यात यायचं असेल तर यावं, फंड जितका मोठा तितकी मुलं जास्त.