पणजीचे नाव काय होते?

वडिलांच्या अस्थी घेऊन रामकुंडावर गेलो, तेव्हा तीर्थोपाध्यायांनी पहिला प्रश्न विचारला तो मूळ गावाचा. मग जात, मग आडनाव. थोड्या वेळाने कापडात गुंडाळलेली एक लांबट वही बाहेर आली आणि पाहता पाहता आजोबांची सही माझ्यासमोर होती. त्यांच्या मागे पणजोबा, खापरपणजोबा; त्याहून जुनी नावे मोडीत, ती गुरुजींनीच वाचून दाखवली. त्या दिवशी त्या सहीने जेवढा धीर दिला तेवढा कोणाच्या सांत्वनाने दिला नाही.

अमेरिकेत स्थायिक झालेला पुतण्या सोबत होता. तो म्हणाला, "काका, तिकडे लोक यासाठी वर्षेच्या वर्षे घालवतात." खरेच आहे. एकोणिसाव्या शतकात युरोपातून बोटीने गेलेल्या आणि जमीन कसायला पश्चिमेकडे सरकलेल्या पूर्वजाचा माग काढायचा, तर उतारूंच्या याद्या, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदी, जमिनीचे दस्तऐवज आणि दर दहा वर्षांची जनगणना असे सगळे धुंडाळावे लागते. यूटा प्रांतातील मॉर्मन पंथीयांनी तर १८९४ मध्ये यासाठी संस्थाच काढली. पुढे या संस्थेने आपल्या हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचेही मायक्रोफिल्मिंग केले!

पण त्या कागदांतही सगळी माणसे नाहीत. १८५० पूर्वीच्या जनगणनेत नाव असे ते कुटुंबप्रमुखाचे. बायको-मुले म्हणजे रकान्यातले आकडे. १८५० पासून घरातल्या प्रत्येकाचे नाव आले, पण ते स्वतंत्र माणसांचे. गुलाम मालकाच्या नावाखाली, बहुतेक ठिकाणी केवळ वय, लिंग आणि वर्ण एवढ्यावर मोजले गेले. त्यांच्या वंशजांचा शोध म्हणूनच १८७० च्या जनगणनेपाशी येऊन अडतो.

त्यांना नावे ठेवण्याआधी आपली वही उघडून पाहावी. आमच्या पानावर पाच पिढ्यांचे पुरुष आहेत. पणजी आहे ती 'मातोश्री' म्हणून. तिचे नाव नाही, मग माहेर कुठले असणार? माझ्या तिन्ही आत्यांचा पत्ता नाही. यात उपाध्यायांना दोष देता येत नाही. यजमानाने सांगितले ते त्यांनी लिहिले. आणि ज्यांच्यासाठी इथून हाकेच्या अंतरावरचे काळारामाचे दार बंद होते, ज्यांना २ मार्च १९३० रोजी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह करावा लागला, त्यांच्या नातवंडांनी पणजोबा कोणत्या वहीत शोधायचा?

वह्या जपायला हव्यात, यात वाद नाही. अमेरिकेच्या १८९० च्या जनगणनेचे बहुतेक कागद १९२१ च्या आगीत गेले. आपल्याकडे गोदावरीचा पूर आहे. २००८ चा पूर नाशिककर विसरलेले नाहीत. मोडी वाचणारे किती उरलेत, हे २०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाल्यावर साऱ्या महाराष्ट्राला कळले. उपाध्यायांच्या संमतीने या वह्यांच्या प्रती जरूर काढाव्यात. पण अर्ध्या घराची वही कितीही जपली तरी ती अर्धीच राहणार. ती पुरी करणे सरकारच्या नव्हे, आपल्या हाती आहे.

मी वडिलांच्या नावाखाली आईचे नाव सांगितले, तिचे माहेरचे नाव आणि गावही. मग पत्नीचे, बहिणीचे, मुलीचे. गुरुजींची लेखणी थबकली. "मुलीचेही? ती उद्या सासरी जाणार."

"जाऊ दे की. जन्मली आमच्याकडेच ना?"

ते हसले आणि नवे पान काढले.

पणजीसाठी गुरुजींनी जागा सोडली आहे. घाटावरूनच थोरल्या आत्याला फोन लावला. ती म्हणाली, "अरे, तिला सगळे काकीच म्हणायचे. थांब, आठवून सांगते." अजून तिचा फोन आलेला नाही.